पडटलो रे!

माझा पुतण्या साडेतीन वर्षांचा आहे. गोव्यातल्या फोंड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. जुलैत पावसाने धरले की सोफ्यावरून उडी, टीपॉयला वळसा, पुन्हा सोफा, असा त्याचा दिवस जातो, आणि दर उडीला आमची आई स्वयंपाकघरातून कोकणीत ओरडते, ‘पडटलो रे!’, म्हणजे पडेल रे हा! वहिनीची तक्रार एकच: पोर एक मिनिट टिकत नाही कशात.

टिकायचेच नसते. १९९५ साली अमेरिकेतील संशोधकांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या मागे बसून दर तीन सेकंदांना ती काय करतात ते टिपले. जोरकस हालचालीचा निम्म्याहून अधिक वेळा कालावधी भरला जेमतेम ३ सेकंद, आणि अशा शंभरातल्या पंचाण्णव हालचाली १५ सेकंदांच्या आतच संपल्या. त्याहून लहान मुलांचे वागणेही याच तऱ्हेचे. धाव, थांब, मुंगी बघ, पुन्हा धाव.

यामुळे मोजणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली होती. कमरेला लावायचे त्वरणमापक, म्हणजे शरीराचे हिसके नोंदवणारे छोटे यंत्र, पूर्वी मिनिटामिनिटाची बेरीज ठेवत असे. दहा सेकंद जीव तोडून धावलेले पोर उरलेली पन्नास सेकंद उकिडवे बसले, तर त्या बेरजेत ते रमतगमत चाललेले दिसणार. म्हणून लहान मुलांसाठी आता पंधरा सेकंदांचे, किंवा त्याहूनही बारीक तुकडे धरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, त्यातली ६० तरी दम लागेल अशी. पडद्यासमोर बसणे एका तासाच्या आत. झोप १० ते १३ तास. तीन तास ऐकून वहिनी दचकली. पण हे तीन तास सलग नाहीत, दिवसभर विखुरलेले आहेत, आणि त्यात बाजारात चालणेही धरले जाते. खरा प्रश्न असा की हे सेकंद जमा व्हायला घर वाव किती देते.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथे चार ते सात वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना अशीच यंत्रे लावली होती. १९९१ मध्ये निष्कर्ष आले: आई हालतीफिरती असेल तर मूलही तसे असण्याची शक्यता सुमारे दुप्पट, वडील असतील तर साडेतीनपट, दोघेही असतील तर जवळजवळ सहापट. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या ५५४ मायलेकरांच्या अभ्यासातही आई जितकी हालते तितके चार वर्षांचे मूल हालते, असाच सूर निघाला. आता यात कोण कोणाला पळवते हे आकडे सांगत नाहीत. आईचे बघून मूल धावते, की मुलामागे आई? आमच्या घरी दुसरेच जास्त. शिवाय रक्ताचा वाटा असतो, आणि दोघांचे अंगण एकच असते.

अंगणाचे महत्त्व मात्र मला अधिक वाटते, कारण मूल घराबाहेर जितका वेळ असते तितके ते जास्त हालते, हे पाहणीमागून पाहणीत दिसले आहे. आणि साडेतीन वर्षांचे मूल एकटे बाहेर जात नाही. कोणी तरी मोठ्याने दार उघडावे लागते, चपला घालाव्या लागतात, खाली उभे राहावे लागते. बालवाडी हाकेच्या अंतरावर आहे, तरी भाऊ त्याला स्कूटरवर पुढ्यात उभा करून नेतो. चालत नेले तर प्रत्येक डबक्यापाशी थांबायचे, गोगलगाय दिसली की बसायचे. त्याच्या चालीने वीस मिनिटे लागतात, आणि भावाची वेर्ण्याची बस तेवढी थांबत नाही. आळस नव्हे हा, घड्याळ आहे. संध्याकाळी आमच्या आईचे गुडघे आणि जिन्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, म्हणून मोबाईल.

तेच पोर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी गेले की वेगळेच दिसते. पाऊस तोच असतो. पण मधे राजांगण, म्हणजे घराच्या पोटातला चौक, चारी बाजूंनी फिरायला ऐसपैस ओटी, चुलतभावंडे सात. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीला, बांधायची फळे एकेक करून आणून देण्यात त्याने किती फेऱ्या मारल्या याचा हिशेब यंत्रानेच ठेवावा. बायकांची फुगडी सुरू झाली तेव्हा तो मधेच घुसून गरगरला आणि खरोखरच पडला. कोणी ओरडले नाही, कारण पाहायला कोणी मोकळे नव्हते. उठला, पुन्हा घुसला.

फोंड्याला राजांगण आणता येत नाही. भावाने टीपॉय गॅलरीत नेऊन ठेवला, जमिनीवर जुनी गादी टाकली आणि खालच्या मजल्यावरच्या काकींना विचारून उड्यांची वेळ ठरवली: साडेसहा ते सात. सातला काकींची मालिका लागते. गेल्या आठवड्यात आईही गादीच्या कडेला खुर्ची घेऊन बसू लागली आहे. ‘पडटलो रे’ अजून म्हणते, पण आता उड्या मोजता मोजता.