टप्प्यांची सायकल शर्यत पाहणे

अनेक दिवस चालणारी, रोज नव्या मार्गावर धावणारी आणि सगळ्या दिवसांच्या एकूण वेळेवर जिचा विजेता ठरतो, अशा व्यावसायिक सायकल शर्यतीचा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत माग ठेवण्याचा छंद. एका दिवसाच्या शर्यतीत जो आधी पोहोचतो तो जिंकतो. इथे हिशेब वेगळा असतो. २०१७ मध्ये क्रिस फ्रूमने एकही टप्पा, म्हणजे एकाही दिवसाची शर्यत, न जिंकता टूर द फ्रान्स जिंकली. म्हणून या खेळाच्या चाहत्याची नजर पहिल्या आलेल्या सायकलपटूवर फार वेळ रेंगाळत नाही. त्याच्यामागून कोण किती सेकंदांनी आले, याकडे ती लगेच वळते.

तीन आठवड्यांच्या तीन शर्यती सर्वांत मोठ्या मानल्या जातात : टूर द फ्रान्स (१९०३), इटलीतील जिरो द इतालिया (१९०९) आणि स्पेनमधील व्हुएल्ता आ एस्पान्या (१९३५). प्रत्येकीत साधारण २१ टप्पे, मध्ये विश्रांतीचे दिवस, एकूण अंतर ३,००० किमीहून अधिक आणि प्रत्येक संघात आठ सायकलपटू. तिन्ही शर्यती वर्तमानपत्रांनी सुरू केल्या. टूर काढणारे ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापले जाई, जिरोचे ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ गुलाबी कागदावर. एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याला टूरमध्ये १९१९ पासून पिवळी आणि जिरोमध्ये १९३१ पासून गुलाबी जर्सी मिळते, ती त्यामुळेच. त्या काळच्या बहुतेक चाहत्यांना शर्यत दिसतच नसे. ते दुसऱ्या दिवशी ती वाचत. आज हेलिकॉप्टरमधून थेट चित्र दिसत असले तरी टप्पा संपल्यावर खरा चाहता वेळेचा तक्ता उघडतोच.

घोळका आणि वारा

शर्यत समजण्याची किल्ली वाऱ्यात आहे. सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक ताकद हवेला ढकलण्यात जाते. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून चालवणाऱ्याची मेहनत बरीच वाचते आणि मोठ्या घोळक्याच्या पोटात असलेल्याची तर फारच. या घोळक्याला पेलोटॉन म्हणतात. एकटा कितीही बलवान असला तरी आळीपाळीने पुढे येऊन वारा झेलणाऱ्या शंभर-दीडशे जणांपुढे त्याचा निभाव सहसा लागत नाही. असे असूनही जवळजवळ रोज सकाळी चार-पाच जण घोळक्यातून सुटून पुढे जातात. याला ब्रेकअवे म्हणतात. नवख्या प्रेक्षकाला वाटते की घोळक्याचे लक्ष नव्हते. प्रत्यक्षात घोळक्याने त्यांना मोजून-मापून सोडलेले असते : एकूण वेळेत ज्यांच्यापासून धोका नाही अशांनाच जाऊ दिले जाते आणि त्यांची आघाडी दोन-चार मिनिटांवर बांधून ठेवली जाते. फार लवकर पकडले तर नवे कोणीतरी पळते, म्हणून शेवटच्या काही किलोमीटरपर्यंत त्यांना पुढे ठेवणेच सोयीचे असते. सायकलपटू असलेले आणि पुढे समालोचक झालेले फ्रान्सचे रोबेर शापात यांचा एक आडाखा चाहत्यांत अजून वापरला जातो. दहा किलोमीटर उरले असताना सुटलेल्यांकडे एक मिनिट हवे. त्याहून कमी असेल तर ते बहुधा पकडले जातात. हा आडाखा जिथे फसतो, ते टप्पे सर्वांत सुंदर असतात.

वारा बाजूने आला की सगळेच पालटते. तेव्हा आडोसा थेट मागे न मिळता तिरका मिळतो. सायकलपटू रस्त्याच्या रुंदीभर तिरक्या ओळीत पसरतात आणि रस्ता संपला की मागच्यांना आडोसाच उरत नाही. अशा वेळी घोळक्याचे तुकडे पडतात आणि डोंगरात महिनोन्‌महिने सराव केलेला एखादा दावेदार साध्या सपाट माळावर दोन मिनिटे गमावून बसतो. नकाशावर कंटाळवाणा दिसणारा टप्पा असेल तर आधी हवामानाचा अंदाज पाहावा, हे अनुभवी चाहते नव्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात.

एकात अनेक शर्यती

पिवळ्या जर्सीखेरीज टूरमध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यासाठी हिरवी, घाटांच्या राजासाठी पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची आणि तरुण सायकलपटूंसाठी पांढरी जर्सी असते. चढणींना अवघडपणानुसार चौथ्या ते पहिल्या वर्गात बसवतात आणि त्याहूनही अवघड घाट ‘वर्गाबाहेरचे’ ठरतात. स्प्रिंटर, म्हणजे अखेरच्या क्षणी सुसाट वेग घेणारा सायकलपटू, शेवटच्या दोनशे मीटरसाठी जगतो. घाटात मात्र त्याची शर्यत घड्याळाशी असते, कारण विजेत्याच्या वेळेनुसार ठरलेल्या मर्यादेत पोहोचला नाही तर त्याला दुसऱ्या दिवशी सुरुवात करता येत नाही. म्हणून मागे पडलेले सगळे एकत्र येतात, ठरावीक गतीने घाट चढतात आणि मर्यादेच्या आत पोहोचतात. ज्या टप्प्यावर कॅमेरा पुढच्या पाच जणांवर खिळलेला असतो, त्याच टप्प्यावर अर्ध्या तासाने मागे ही दुसरी धडपड चालू असते. तिच्याकडे लक्ष जाऊ लागले की चाहता मुरला असे समजावे.

याहून दुर्लक्षित राहतो तो मदतनीस सायकलपटू. संघाच्या गाडीजवळ मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून पुढे आणणे, संघ ज्याच्यासाठी राबतो त्या नायकाची सायकल बिघडली तर स्वतःची काढून देणे, घाटाच्या पायथ्याशी इतका वेग लावणे की प्रतिस्पर्ध्यांचे मदतनीस गळून पडावेत आणि मग स्वतःही रस्त्याच्या कडेला जवळजवळ थांबणे, हे त्याचे काम. निकालात तो दीडशेव्या क्रमांकावर दिसतो. पण तीन आठवडे पाहणाऱ्याला माहीत असते की अठराव्या टप्प्यावर नायक एकटा का पडला : दहाव्या टप्प्याला त्याचा हा माणूस पडून घरी गेलेला असतो.

सेकंदांचा हिशेब

टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते. सपाट टप्प्यात शेवटच्या ३ किमीत कोणी पडले तर त्याला तो ज्या गटात होता त्याचीच वेळ देतात. अलीकडे काही टप्प्यांत हे अंतर वाढवलेही जाते. असे नियम कोरडे वाटतात, पण निकाल त्यांवर फिरतो. १९८९ च्या टूरच्या शेवटच्या दिवशी, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतच्या २४.५ किमीच्या टाइम ट्रायलआधी (यात प्रत्येक जण एकटा, घड्याळाविरुद्ध धावतो) लॉराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. ग्रेग लेमाँडने हात पुढे टेकवता येणारी लांब हँडलबार लावली होती. फिन्याँ साध्या हँडलबारवर, हेल्मेटशिवाय निघाला. लेमाँडने त्याच्यापेक्षा ५८ सेकंद कमी घेतले आणि ३,००० किमीहून मोठी शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. २०२० मध्ये प्रिमोझ रॉग्लिच ५७ सेकंदांची आघाडी घेऊन उपान्त्य दिवसाच्या टाइम ट्रायलला उतरला. चढणीवर संपणाऱ्या त्या ३६.२ किमीत तादेय पोगाचारने ती आघाडी धुऊन काढली आणि वर ५९ सेकंद पुढे गेला. हे दोन्ही दिवस ज्यांनी आधीचे सगळे टप्पे पाहिले होते त्यांच्यासाठी वेगळेच होते, कारण तो प्रत्येक सेकंद कुठे मिळवला आणि कुठे गमावला हे त्यांना ठाऊक होते.

चाहत्यांचे प्रेम मात्र निकालाच्या मागे जाईलच असे नाही. झाक आंकेतिलने पाच वेळा टूर जिंकली. त्याच्या काळात फ्रान्सने जास्त जीव लावला तो रेमाँ पुलिदोरवर. पुलिदोर तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा आला, पिवळी जर्सी त्याला एक दिवसही मिळाली नाही. त्याचा नातू माथ्यू व्हान डर पूल याने ती २०२१ मध्ये दुसऱ्याच टप्प्यावर मिळवली. चाहत्यांचा विश्वास अनेकदा दुखावलाही गेला आहे. १९९८ च्या टूरमध्ये फेस्तिना संघाचे उत्तेजक द्रव्यांचे प्रकरण उघड झाले आणि २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. ती सात वर्षे टूरच्या यादीत विजेत्याविना आहेत. असाधारण कामगिरी दिसली की आनंदासोबत शंकाही येते, ती तेव्हापासूनची.

रस्त्याच्या कडेने

या खेळाला स्टेडियम नाही आणि रस्त्याच्या कडेला उभे राहण्यासाठी तिकीट नाही. टूरमध्ये १९३० पासून सायकलपटूंच्या आधी जाहिरातदारांच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा जातो आणि टोप्या, खाऊ, छोट्या भेटवस्तू उधळत पुढे सरकतो. मग बराच काळ काही घडत नाही. हेलिकॉप्टरचा आवाज जवळ येतो, मोटारसायकली जातात आणि सपाट रस्त्यावर संपूर्ण घोळका काही सेकंदांत नजरेआड होतो. म्हणून जाणते लोक घाट निवडतात. तिथे वेग कमी होतो, सायकलपटू एकेकटे येतात आणि प्रत्येकाचा चेहरा दिसतो. फ्रान्सच्या आल्प्समधील आल्प द्युएझ या घाटाच्या २१ वळणांना तिथल्या विजेत्यांची नावे दिली आहेत. सातवे वळण नेदरलँड्सच्या चाहत्यांनी नारिंगी रंगाने व्यापलेले असते. लोक दिवस-दोन दिवस आधी येऊन मुक्काम करतात आणि डांबरावर आवडत्या सायकलपटूंची नावे रंगवतात.

प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात हातभर अंतर असते. हेच या खेळाचे वैभव आणि हाच त्याचा धोका. १९९९ मध्ये आल्प द्युएझवर जुझेप्पे ग्वेरिनी आघाडीवर असताना छायाचित्र घ्यायला रस्त्यात आलेल्या प्रेक्षकाला धडकून पडला. उठला आणि जिंकलाही. २०१६ मध्ये जोरदार वाऱ्यामुळे माँ व्हाँतू या डोंगरावरचा टप्प्याचा शेवट खाली आणावा लागला, गर्दी थोड्या जागेत दाटली, मोटारसायकल अडकली आणि तिच्यावर सायकलपटू आदळले. पिवळ्या जर्सीतला फ्रूम सायकल सोडून घाटात पळत सुटला. २०२१ च्या पहिल्याच टप्प्यात कॅमेऱ्याकडे तोंड करून रस्त्यात धरलेल्या एका फलकाने घोळक्यातल्या कित्येकांना पाडले. पाळायचे नियम थोडेच आहेत, पण त्यांत सूट नाही : येणाऱ्या सायकलींकडे पाठ करू नये, फोन रस्त्यावर पुढे धरू नये, सोबत धावू नये, चढताना दमलेल्याला ढकलू नये. ढकलल्याचा दंड बऱ्याचदा सायकलपटूलाच भरावा लागतो.

महिलांची टूर

महिलांची टूर १९८४ ते १९८९ या काळात पुरुषांच्या शर्यतीबरोबर भरत असे. त्यानंतर वेगवेगळ्या नावांनी काही शर्यती झाल्या, पण टूरच्या आयोजकांनी ‘टूर द फ्रान्स फाम’ २०२२ मध्येच सुरू केली. टप्पे आठ-नऊ, संघात सात जणी. मदतनीस कमी असल्याने शर्यत एखाद्या संघाच्या मुठीत राहणे अवघड जाते आणि त्यामुळे ती बऱ्याचदा पुरुषांच्या शर्यतीहून जास्त उत्कंठा वाढवते. २०२४ मध्ये पिवळी जर्सी घातलेली डेमी व्होलेरिंग पाचव्या टप्प्यात शेवटच्या ३ किमीच्या बाहेर पडली, त्यामुळे तिचा वेळ वाचला नाही आणि जर्सी काशिया न्येवियादोमाकडे गेली. शेवटच्या दिवशी आल्प द्युएझच्या पायथ्याकडे निघताना व्होलेरिंग १ मिनिट १५ सेकंदांनी मागे होती. तिने टप्पा जिंकला, न्येवियादोमा १ मिनिट १ सेकंदाने आली, विजयाची सूट १० सेकंदांची. न्येवियादोमा ४ सेकंदांनी टूर जिंकली.