बोका कुंथतोय: शी अडलीय की शू?

रात्रीचे अकरा. बोका लिटरच्या ट्रेमध्ये जातो, पाठीची कमान करतो, कुंथतो आणि काही न करता बाहेर येतो. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. घरातलं कुणीतरी म्हणतं, "पोट साफ होत नाहीये, थोडं एरंडेल चाटव."

आमच्या कोथरूडच्या घरी हे वाक्य मीच म्हटलं होतं. नशिबाने एरंडेल संपलेलं होतं. मग मी डॉक्टरांना फोन केला आणि ठामपणे सांगितलं, "दोन दिवस शी झालेली नाही." त्यांनी वय विचारलं, खातोय का विचारलं आणि म्हणाले, सकाळी दवाखान्यात आणा. माझ्या वाक्याला ते उत्तर अगदी बरोबर होतं. चूक होती ती वाक्यात. शी झाली नव्हती हे खरं, पण शू शेवटची कधी झाली हे मी पाहिलंच नव्हतं.

लांबून दोन्ही सारखंच दिसतं, कारण मांजर शीसाठीही कुंथतं आणि शूसाठीही. ट्रे तोच, चेहऱ्यावरचा त्रास तोच. आत मात्र दोन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात. बद्धकोष्ठ झालेल्या मांजराकडे बहुतेक वेळा सकाळपर्यंतचा वेळ असतो. लघवी पूर्ण अडलेल्या बोक्याकडे तो नसतो.

बोकाच का, तर त्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि टोकाशी फारच अरुंद होतो. चिकट स्राव आणि बारीक स्फटिक यांचं बूच तिथे सहज बसतं. कधी खडा असतो, कधी नुसती सूज आणि मार्गाचं आखडणं. भाटीचा मार्ग आखूड आणि रुंद, म्हणून तिला जळजळ होते, रक्त जातं, पण पूर्ण अडण्याचा प्रकार विरळा. बूच बसलं की मूत्राशय फुगत जातं, दाब उलटा मूत्रपिंडांवर येतो आणि लघवीतून बाहेर पडायला हवं ते पोटॅशियम रक्तात साठतं. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात. उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत जनावर जातं, आणि उलट्या, गळून जाणं, अंग गार पडणं ही लक्षणं बऱ्याचदा पहिल्या चोवीस तासांतच सुरू होतात.

बद्धकोष्ठ त्यामानाने संथ. म्हातारं मांजर, पाणी कमी पिणारं, मूत्रपिंडाचा जुना आजार असलेलं किंवा कधीतरी गाडीची धडक बसून कंबरेचं हाड वेडंवाकडं जुळलेलं. ट्रेमध्ये सुपारीसारख्या कोरड्या, कडक गोळ्या सापडतात. मुख्य म्हणजे शूने लिटर भिजून होणारे गोळे रोजच्यासारखेच असतात.

म्हणून पहिलं काम: मांजर सोडा, ट्रे बघा. बेंटोनाइटचं, म्हणजे गोळा धरणाऱ्या मातीचं लिटर असेल तर काम सोपं, कारण शूचा गोळा होतो आणि तो मोजता येतो. निरोगी मांजराचे दिवसाला दोन-तीन बऱ्यापैकी मोठे गोळे निघतात. एकही नाही, किंवा वाटाण्याएवढे पाच-सहा ठिपके, एखादा गुलाबी, म्हणजे प्रकरण शूचं. थेंब येतोय म्हणजे रस्ता मोकळा आहे, हा गैरसमज. बुचाच्या कडेने थेंब झिरपू शकतो. बोका सारखा खालचा भाग चाटत असेल, ट्रे सोडून बाथरूमच्या फरशीवर किंवा सिंकमध्ये बसत असेल, बसल्यावर ओरडत असेल, तर संशय आणखी पक्का. पोट दाबून बघायचा मोह मात्र आवरा. तुंबलेलं मूत्राशय फुटू शकतं.

घरगुती उपायांबद्दल थोडं कडक बोलतो. धण्याचं पाणी पाजलं तर अडलेल्या मूत्राशयात आणखी भर पडते, बाहेर काहीच येत नाही. सिरिंजने लिक्विड पॅराफिन तोंडात सोडलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा एनिमा आणि पॅरासिटामॉल, दोन्ही मांजराचा जीव घेऊ शकतात. थोडक्यात, खरंच बद्धकोष्ठ असलं तरी औषध डॉक्टरांना विचारूनच.

आता फोन. "पोट साफ होत नाही" असं सांगितलं तर समोरचा आतड्यांचा विचार करणार. त्याऐवजी म्हणा, "नर आहे, चार वर्षांचा, नसबंदी झालेली, सकाळपासून शूचा गोळा नाही, सारखा कुंथतोय, एकदा उलटी झाली." रात्रपाळीचा डॉक्टर पुढचं वाक्य ऐकायच्या आत "लगेच निघा" म्हणेल. तुम्हीही दोन गोष्टी विचारा: आत्ता डॉक्टर हजर आहेत का, आणि कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची बारीक नळी, घालायची सोय आहे का? पाटीवर '२४ तास' लिहिलेलं असतं, पण कधी त्याचा अर्थ फक्त फोन उचलला जातो एवढाच निघतो. १९६२ या क्रमांकावरची पशुवैद्यकांची फिरती पथकं मुख्यतः गाई-म्हशींच्या दारी जाण्यासाठी आहेत. मध्यरात्री फ्लॅटमधल्या बोक्यासाठी त्यांची वाट पाहत बसू नका.

तिथे पोचल्यावर फरक कळायला डॉक्टरांना अर्धा मिनिट लागतो. पोटाखाली बोटं नेली की कडक लिंबू, कधी मोसंबीएवढं हाताला लागतं; बद्धकोष्ठात लागते ती गाठीगाठींची दोरी. त्यानंतरचे मार्गही वेगळे. शी अडली असेल तर सलाईन, योग्य तो एनिमा, फारच घट्ट असेल तर भूल देऊन मळ काढणं. शू अडली असेल तर आधी हृदय सांभाळायचं: ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, गरज पडली तर शिरेतून कॅल्शियम. मग गुंगी देऊन कॅथेटर, जो साधारण एक ते तीन दिवस आत राहतो. या सगळ्यात बोक्याला टॉवेलमध्ये गुंडाळून न चावू देता धरणारा मदतनीस असतो, त्याचं नाव बिलावर कुठेच नसतं. आमच्या वेळी तो मुलगा पहाटेपर्यंत जागा होता, दर तासाला पिशवीत किती लघवी आली ते लिहून ठेवत होता. बूच निघाल्यावर लघवीचा लोंढा सुटतो आणि अंगातलं पाणी कमी पडतं, म्हणून हा हिशेब.

पुन्हा अडू नये म्हणून ओलं खाणं, दोन-तीन ठिकाणी पाणी आणि शांतता. सोसायटीत सगळे बोअरच्या पाण्याला दोष देतात. मला मात्र डॉक्टरांनी विचारलं ते पाणी किती पितो आणि घरात काय बदललं हे. ताण हे मांजरांच्या मूत्राशयाच्या दाहाचं एक ओळखीचं कारण आहे. आमच्या मागच्या मैदानात त्याच आठवड्यात ढोलपथकाचा सराव सुरू झाला होता. नक्की त्यामुळेच, असं मी म्हणणार नाही.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने पेढ्याएवढा गोळा केला. मी ट्रेचा फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: एक अंगठा, आणि "शीचं काय?"