चौदापटीची टिणटिण

व्हिटनी ह्यूस्टन, शिकागो, फिल कॉलिन्स यांची ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली संथ प्रेमगीतं ऐकली की एक वाद्य पुन्हा पुन्हा भेटतं. पियानोसारखं, पण पियानो नव्हे. स्वर उमटताना काचेला चमचा लागावा अशी बारीक टिणटिण आणि लगेच तिच्यामागून मऊ, किंचित डुलणारा नाद. यामाहाने १९८३ साली आणलेल्या डीएक्स-७ या सिंथेसायझरमधला हा आवाज. यंत्राच्या दोन ओळींच्या पडद्यावर त्याचं नाव दिसे, 'ई. पियानो १'.

नक्कल होती ती फेंडर ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोची. ऱ्होड्समध्ये हातोडी पोलादाच्या बारीक काडीवर आपटते आणि काडीचं कंपन चुंबकीय पिकअप टिपतो. वाद्य झकास, पण वजन साठ किलोच्या आसपास. डीएक्स-७ चौदा किलोंचा, अमेरिकेत किंमत १,९९५ डॉलर, आणि एका वेळी सोळा स्वर वाजवणारा. दीड लाखाहून अधिक यंत्रं खपली. नक्कल हुबेहूब नव्हती आणि माझ्या मते तेच तिचं भाग्य. ऱ्होड्सचा धूसर, ऊबदार नाद त्यात नाही. त्याऐवजी एक लखलखीत धार आहे, जी ड्रम आणि गिटारच्या गर्दीतूनही स्वच्छ ऐकू येते.

ही धार कुठून आली हे समजायला १९६७ पर्यंत मागे जावं लागतं. जॉन चाउनिंग इंजिनिअर नव्हते, संगीतकार होते. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या संगणकावर ते स्वराला कंप देऊन पाहत होते. व्हायोलिनवादक स्वर लांबवताना तो सेकंदाला पाच-सहा वेळा किंचित वरखाली हलवतो, तो कंप. संगणकाची बोटं दुखत नाहीत. चाउनिंग यांनी कंपाचा वेग वाढवत नेला, हलवण्याची खोलीही वाढवली. वेग सेकंदाला वीसच्या पुढे गेला की कानाला ते हलणं वेगळं मोजता येईनासं होतं. तिथे स्वर डुलायचा थांबला आणि त्याची जातच बदलली. दोन साध्या साइन तरंगांतून, एक हलणारा आणि एक हलवणारा, भरगच्च नवा नाद तयार झाला होता. एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) रेडिओच्या मागचं गणित हेच, म्हणून या पद्धतीलाही एफएमच म्हणतात; फक्त इथे दोन्ही वारंवारता कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातल्या.

त्या काळातले बहुतेक सिंथेसायझर उलट्या वाटेने जात. आधी उपस्वरांनी, म्हणजे मुख्य स्वरासोबत निघणाऱ्या इतर वारंवारतांनी, गच्च भरलेला तरंग निर्माण करायचा, मग फिल्टर लावून नको तो भाग कापायचा. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवून तबकडी काढली, तिच्यातला रोलँड ज्युपिटर-८ याच जातीचा. कापण्यात एक अडचण आहे. जे मुळात नाही ते फिल्टर आणून देऊ शकत नाही, आणि घंटेचा आवाज त्या भरगच्च तरंगात मुळातच नसतो.

समजा, हलणारा तरंग २०० हर्ट्झचा आहे आणि हलवणाराही २०० चा. मग मूळ वारंवारतेत हलवणाऱ्याच्या पटी मिळवून आणि वजा करून नव्या वारंवारता उगवतात: ४००, ६००, ८००. सगळ्या २०० च्या पूर्णांकी पटीत, म्हणून कानाला एकसंध सूर लागतो. आता हलवणारा २८० चा करा, म्हणजे १.४ पट. वरच्या बाजूला ४८० आणि ७६०. खाली वजाबाकी शून्याच्या पलीकडे जाते, पण ऋण वारंवारता कानाला धनच भासते, म्हणून ८० आणि ३६०. २०० च्या पटीत यातलं काहीच बसत नाही. ही चाउनिंग यांच्या १९७३ च्या शोधनिबंधातली घंटा.

तबला ऐकणाऱ्यांना हा मुद्दा परका वाटू नये. सगळीकडे सारख्या जाडीच्या चामड्याचे उपस्वर पूर्णांकी पटीत येत नाहीत, म्हणून साध्या ढोलाला नेमका सूर सापडत नाही. शाई पडद्यावरचं वजन अशा बेताने वाटते की ते उपस्वर पूर्णांकी पटींच्या जवळ सरकतात. सी. व्ही. रामन यांनी आपल्या तालवाद्यांचं हे वैशिष्ट्य १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं होतं. शाईच्या कारागिराला जे थरावर थर घोटून साधावं लागतं, ते एफएममध्ये एका आकड्यावर ठरतं. १ ठेवला तर सूर, १.४ ठेवला तर घंटा.

दुसरा आकडा हलवण्याच्या खोलीचा. खोली जितकी जास्त, तितके उपस्वर जास्त आणि नाद तितका झळझळीत. इथे चाउनिंग यांना बेल लॅब्जमधल्या झाँ-क्लोद रिसे यांचं ट्रम्पेटवरचं काम आठवलं. फुंक जोरात मारली की ट्रम्पेटचा आवाज नुसता मोठा होत नाही, त्यातले वरचे उपस्वरही वाढतात. मग आवाज आणि खोली यांना एकाच दोरीत बांधलं तर? १९७१ मध्ये त्यांनी तसं केलं आणि संगणकातून पितळी वाद्यांसारखे स्वर निघाले.

अमेरिकी ऑर्गन कंपन्यांना यात काही दिसलं नाही. यामाहाचे इंजिनिअर काझुकियो इशिमुरा यांना मात्र ते लगेच उमगलं. स्टॅनफर्डने पेटंट घेतलं, यामाहाला परवाना दिला आणि पुढे त्यातून दोन कोटी डॉलरच्या वर कमाई केली. मधल्या काळात याच विद्यापीठाने चाउनिंग यांना नोकरीत कायम केलं नव्हतं. नंतर परत बोलावलं, हेही सांगायला हवं.

परवान्यापासून परवडणाऱ्या वाद्यापर्यंत यायला मात्र अनेक वर्षं गेली, कारण सेकंदाला हजारो वेळा हे गणित करणारी स्वस्त चिप नव्हती. खऱ्या वाद्याचं ध्वनिमुद्रण साठवावं तर सीडीच्या दर्जाच्या एका सेकंदाला, एकाच बाजूचं धरलं तरी, ८८,२०० बाइट लागतात, आणि १९८३ मध्ये मेमरी महाग होती. एफएमला साठवणूक जवळजवळ लागतच नाही. लागतो तो हिशेब. त्यासाठी यामाहाने एक जुनीच युक्ती वापरली. जुन्या चिपांचा अभ्यास करणारे केन शिरिफ यांनी २०२१ मध्ये डीएक्स-७ ची ध्वनिचिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली तिचा नकाशा वाचला. आत साइन तरंगाचा फक्त पाव भाग कोरलेला, तोही लॉगरिदमच्या रूपात. बाकीचा पाऊण भाग सममितीने मिळतो. अकरावी-बारावीत ज्यांनी लॉगटेबल हाताळलंय त्यांना कारण सांगायला नको. गुणाकाराच्या जागी बेरीज भागते, आणि सिलिकॉनवर बेरीज फार कमी जागा खाते. अशा रीतीने एकच चिप आळीपाळीने सोळा स्वर, प्रत्येकी सहा तरंग, म्हणजे शहाण्णव तरंगांचा हिशेब सांभाळत असे.

सहा तरंग एकमेकांना कसे जोडायचे याच्या बत्तीस रचना यंत्रात तयार होत्या. 'ई. पियानो १' पाचव्या रचनेवर आहे, सहा तरंगांच्या तीन जोड्या. दोन जोड्यांत गुणोत्तर सरळ १:१, हा झाला नादाचा गाभा. तिसऱ्या जोडीत हलवणारा तरंग चक्क १४ पट वेगाचा, आणि तो पटकन विरतो. सुरुवातीची टिणटिण हीच. त्यातून कळ किती जोरात दाबली यावर हलवण्याची खोली ठरते. हळू दाबली तर गोल, मऊ स्वर. ठोकली तर काच खणखणते. वाद्य वाजवणाऱ्याच्या बोटांना उत्तर देतं असं वाटायचं ते यामुळेच, आणि त्या काळच्या बऱ्याच सिंथेसायझरांत ही सोयच नव्हती.

आवाज जमवणं मात्र जिकिरीचं होतं. सपाट बटणं, एक सरकपट्टी आणि तो चिमुकला पडदा, एवढ्यावर दीडशेच्या आसपास आकडे सांभाळायचे. त्यातला एखादा जरा हलला की बासरीचा पत्रा होई. संगीतकार ब्रायन इनो यांच्यासारखे थोडे लोक त्यात खोल शिरले. बाकीच्यांनी यंत्रासोबत आलेले आवाजच वाजवले. त्यातले बरेच डेव्ह ब्रिस्टो आणि गॅरी लोयनबर्गर या दोघांनी बसवलेले. म्हणजे एका अख्ख्या दशकाच्या पॉप संगीताचा रंग बऱ्याच अंशी दोन माणसांच्या कानांनी ठरवला. डीएक्स-७ मधली ट्रम्पेट आणि तंतुवाद्यं मला आजही केविलवाणी वाटतात. घंटा, मरिंबा, तडतडीत बेस मात्र अप्रतिम, कारण आपटणं, खणखणणं आणि विरणं हे एफएमच्या रक्तातच आहे.

पुढची गोष्ट झटपट घडली. १९८७ मध्ये रोलँडच्या डी-५० ने स्वराच्या पहिल्या क्षणाचं खरं मुद्रण आणि त्यामागे कृत्रिम नाद अशी तडजोड काढली. १९८८ चा कोर्ग एम-१ मुद्रित आवाजांनीच भरलेला आला. मेमरी स्वस्त झाली होती, हिशेबाची गरज उरली नव्हती. एफएम वाद्यांच्या दुकानातून बाहेर पडलं आणि खेळण्यांत शिरलं: सेगाच्या मेगा ड्राइव्ह या व्हिडिओगेम यंत्रामध्ये, संगणकाच्या ॲडलिब आणि सुरुवातीच्या साउंड ब्लास्टर ध्वनिकार्डांत, नंतर मोबाइलमध्ये. २००० नंतर बसमध्ये, लग्नात, वर्गात वाजणाऱ्या पॉलिफोनिक रिंगटोनांपैकी कितीतरी यामाहाच्या एफएम चिपमधून निघत. पॉप संगीताने टाकून दिलेला आवाज एव्हाना लोकांच्या खिशात होता.

आज जुनी ॲनालॉग यंत्रं टिकवायची म्हणजे कपॅसिटर बदला, सुटे भाग शोधा. डीएक्स-७ चा आवाज मात्र शेवटी काही आकड्यांचा संच आहे. यंत्राच्या मेमरीत तो १२८ बाइटांत बसतो. युनिकोड देवनागरीत (यूटीएफ-८, एका चिन्हाला तीन बाइट) तेवढ्या जागेत जेमतेम बेचाळीस चिन्हं मावतील, या परिच्छेदाचं पहिलं वाक्यसुद्धा नाही. म्हणून चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी बसवलेला आवाज आज जसाच्या तसा उतरवून घेता येतो आणि डेक्स्ड या मोफत प्रोग्रॅममध्ये वाजवता येतो. पेटंट नव्वदच्या दशकातच संपल्याने कुणाची परवानगीही लागत नाही.

गंमत म्हणजे आकडे तेच असले तरी आवाज अगदी तोच येत नाही. आकड्यांचा आवाज करणारा मूळ यंत्राचा शेवटचा टप्पा १२ बिटांचा, म्हणजे जरा ढोबळ, होता. विरणाऱ्या स्वराच्या शेपटीला त्यामुळे बारीक खरखर राही. यामाहाने पुढच्या आवृत्तीत १६ बिट देऊन ती काढून टाकली. डेक्स्डमध्ये मात्र गणिताचे वेगवेगळे पर्याय आहेत. 'मॉडर्न' निवडला तर हिशेब नितळ होतो; 'मार्क वन' निवडला तर मुद्दाम ओबडधोबड तक्ते वापरून तो १९८३ च्या चिपइतका खडबडीत केला जातो.