तबेल्याच्या आढ्याला फट हवीच

मे महिन्यात मुंबईत कुणीही म्हणतं, "आज हवा किती जड झालीय!" घामाने जीव नकोसा झाल्यावर तसं वाटतं खरं, पण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. नायट्रोजनचा रेणूभार 28, ऑक्सिजनचा 32 आणि पाण्याचा फक्त 18. दाब आणि तापमान तेच असेल तर ठरावीक जागेत रेणू तेवढेच मावतात. वाफ शिरली की तेवढे जड रेणू बाहेर पडतात.

गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत याचा थेट संबंध दुधाशी आहे. दुभती म्हैस हजारेक वॅट उष्णता बाहेर टाकते. श्वास, मूत आणि धुतलेली फरशी यांतून वाफ सुटते ती वेगळीच. ही गरम, दमट हवा पत्र्याखाली जाऊन साचते. आढं बंद असेल तर थर जाड होत म्हशींच्या पाठीपर्यंत उतरतो. आढ्याला सलग फट आणि खाली बाजू मोकळ्या ठेवल्या, तर तबेल्याचंच धुराडं होतं. प्रवाह उंची आणि तापमानातला फरक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे उंची चौपट केली तर प्रवाह दुप्पट. मुंबईत आत-बाहेर फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा. अशा वेळी वाफ मदतीला येते: किलोभर हवेत 5 ग्रॅम जास्त वाफ असेल, तर जवळपास 1 अंश जास्त तापमानाइतकी उचल मिळते.

ऊन टाळायला तबेला पूर्व-पश्चिम लांब बांधतात. दुपारचा खारा वारा मात्र पश्चिमेकडून येतो, म्हणून ती आखूड भिंत बंद करू नये.

उन्हाळ्यात दूध आटलं की दारात काळी बाहुली टांगतात. बाहुलीने पत्रा थंड होत नाही. फॉगरची, म्हणजे धुक्यासारखं बारीक पाणी हवेत फवारणाऱ्या यंत्राची, जाहिरातही इथे फसवी आहे. नागपुरात 43 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेला पाणी फवारून हवा 25 अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईच्या 34 अंश आणि 65 टक्क्यांना 28च्या खाली जात नाही, आणि आतली वाफ वाढते ती वाढतेच.

त्यापेक्षा पाणी म्हशीच्या अंगावर घालावं. तिला घाम फार कमी येतो. ओल्या कातडीचं तापमान 36 अंशांच्या आसपास राहतं. तिथला बाष्पदाब 5.9 किलोपास्कल, भोवतालच्या हवेतला साधारण 3.5, त्यामुळे दमट दुपारीही पाणी उडत राहतं. वर पंखा लावावा, आणि उडालेली वाफ आढ्यातून बाहेर जाऊ द्यावी.