विमानातला आराम आणि विमान कंपनीची सेवा: तिकीट काढण्याआधी दोन्ही वेगवेगळे तपासा

नागपूरहून विमानाने जाऊन आलेल्या माणसाला गावात कोणी विचारले, तर उत्तर बहुधा असे येते: "विमान त मस्त होतं, पन तीन घंटे बसवून ठेवलं, कोनी काई सांगाले तयार नाई." या एका वाक्यात दोन निकाल आहेत. पहिला विमानाबद्दल आहे आणि दुसरा कंपनीबद्दल. पुढच्या वेळी तिकीट काढताना मात्र दोन्हींची सरमिसळ होते आणि "ती कंपनी बेकार" किंवा "ती कंपनी भारी" एवढेच लक्षात राहते.

आराम म्हणजे सीट, पाय ठेवायची जागा, आवाज, हवा, धक्के आणि उड्डाणाची वेळ. यातले जवळपास सगळे विमानाचे मॉडेल आणि आतली सीटांची मांडणी ठरवते. गुडघे समोर टेकत असतील, तर केबिन क्रूवर रागावून उपयोग नाही. सेवा म्हणजे माणसे आणि व्यवस्था: उशिराची खबर, काउंटरवरचे उत्तर, व्हीलचेअर, बॅगा, रिफंड. आराम तिकीट काढतानाच कळू शकतो. सेवा कशी आहे ते बेत फिसकटल्याशिवाय नीट कळत नाही.

आराम कुठे मोजायचा

जाहिरातीत आणि सीटच्या माहितीत 'सीट पिच' लिहिलेले असते. एका सीटच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचे हे अंतर. देशांतर्गत स्वस्त विमानांत ते साधारण २८ ते ३० इंच असते. पण ही सगळी जागा पायांना मिळत नाही, त्यात समोरच्या सीटच्या पाठीची जाडीही धरलेली असते. म्हणून पातळ पाठीच्या नव्या सीटमध्ये २८ इंचांतही गुडघ्यांना जवळपास तेवढीच जागा मिळते, जेवढी जाड गादीच्या जुन्या सीटमध्ये ३० इंचांत मिळायची. बदल्यात गादी कडक लागते. दीड तासाच्या नागपूर-मुंबईला ते जाणवत नाही, चार तासांनी कंबर सांगते.

रुंदीचा हिशेब वेगळा. एअरबस ए३२० मध्ये सीट सुमारे १८ इंच रुंद असते, बोइंग ७३७ मध्ये सुमारे १७. अंगाने भरलेल्या माणसाला पिचपेक्षा हा एक इंच महत्त्वाचा. तिकिटाच्या पानावर वेळेच्या आसपास विमानाचा प्रकार बारीक अक्षरात लिहिलेला असतो. भाड्याच्या आकड्याकडे पाहण्याच्या नादात तो सुटतो.

एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान छोट्या विमानतळांसाठी असते. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली, ती याच विमानाने. आत शिवशाहीसारखी दोन-दोन सीटांची रांग, म्हणजे मधली सीटच नाही. पण वर सामान ठेवायचे कप्पे लहान असतात, त्यामुळे चाकांची कडक बॅग वर बसेलच याची खात्री नाही. हे विमान जेटपेक्षा हळू आणि कमी उंचीवरून उडते, म्हणून ढगांतले हेलकावे जास्त लागतात. पंखे पुढच्या भागाजवळ असल्याने आवाज आणि थरथर पुढच्या रांगांत अधिक, मागे कमी. प्रवाशांचे दारही मागे असते, पुढच्या दारातून सामान चढते. म्हणजे 'पुढची सीट चांगली' हा ए३२० चा नियम इथे अगदी उलटा: मागे बसणारा शांत बसतो आणि आधी उतरतो. पुढच्या सीटसाठी जादा पैसे मोजण्यात मग काय अर्थ?

ए३२० मध्ये हेलकाव्यांची भीती असेल तर पंखांच्या आसपासची रांग घ्या, शेपटीकडे धक्के जास्त बसतात. शेवटच्या रांगेची पाठ बहुधा मागे झुकत नाही आणि शौचालयाची रांग डोक्याशी लागते. पहिल्या रांगेत पाय मोकळे राहतात, पण उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायाशी पिशवी ठेवता येत नाही. जेवणाचा ट्रे सीटच्या हाताच्या टेकणीत दडवलेला असल्याने ती टेकणी वर उचलता येत नाही. आपत्कालीन दाराजवळ जागा ऐसपैस असते, पण तिथे म्हातारी माणसे, गरोदर बाई किंवा लहान मूल बसवत नाहीत. आजीचे गुडघे दुखतात म्हणून पैसे भरून ती सीट घ्याल, तर दाराशी आजीला उठवतील आणि दुसरीकडे बसवतील.

मे महिन्यातल्या उकाड्याचेही असेच. विमान उभे असताना आतला गारवा कमीच असतो, इंजिने पूर्ण चालू झाल्यावर फरक पडतो. उडाल्यावर उलट हवा फार कोरडी होते, घसा सुकतो. पाणी मागून घ्या, ओढणी किंवा दुपट्टा जवळ ठेवा. ही कोणाची हयगय नाही, सगळ्याच विमानांत असेच असते.

सीट निवडण्याचे पैसे सक्तीचे नसतात. निवडली नाही तर चेक-इनच्या वेळी कंपनी कुठली तरी सीट फुकट देतेच. आईवडील किंवा लहान लेकरे सोबत असतील तर मात्र शे-दोनशे वाचवण्यात शहाणपण नाही.

सेवा कुठे कळते

गोड बोलणे, नमस्कार, हसरा चेहरा याने सेवा मोजण्याची सवय आहे. ते चांगलेच, पण नियमाने ५० सीटांमागे एक केबिन क्रू लागतो. १८६ सीटांच्या ए३२० मध्ये चार जण दीड तासात चढवणार, सुरक्षेची माहिती देणार, खाणे विकणार आणि कचरा गोळा करणार. त्यांच्याकडून फार पाहुणचार अपेक्षू नये. खरी परीक्षा जमिनीवर होते.

यवतमाळहून नागपूरचे विमानतळ दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहूनही लांब. काउंटर बहुतेक कंपन्यांत उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद होतो. म्हणजे दुपारच्या विमानासाठी माणूस सकाळीच एसटी धरतो. अशा प्रवाशासाठी दोन इंच जादा जागेपेक्षा 'विमान तीन तास उशिरा आहे' हा मेसेज घर सोडण्याआधी मिळणे कितीतरी मोलाचे.

इथेच गावाकडे एक गडबड हमखास होते. तिकीट तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवरून किंवा एजंटकडून काढले जाते आणि बुकिंगमध्ये मोबाइल नंबर पडतो त्याचाच. उशिराचा, वेळ बदलल्याचा, विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जातो. तो रात्री दुकान बंद करून घरी गेलेला असतो. कंपनीच्या दफ्तरी मात्र 'प्रवाशाला कळवले' अशी नोंद होते. नियमच सांगतो की बुकिंगच्या वेळी नीट संपर्क न दिलेल्या प्रवाशाला भरपाई देणे कंपनीवर बंधनकारक नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी स्क्रीनवर स्वतःचा नंबर पाहा, आणि सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. रिफंडही ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच परत जातो. एजंट टाळाटाळ करू लागला तर लक्षात ठेवा, एजंटमार्फतच्या तिकिटाचा रिफंड मिळवून देण्याची जबाबदारी नियमाने विमान कंपनीचीच आहे.

डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा. तिच्या नियमांतले काही आकडे पाठ असावेत. नियोजित उड्डाण अडीच तासांपर्यंतचे असेल आणि उशीर दोन तास किंवा त्याहून जास्त होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणेपिणे द्यावे लागते. उशीर सहा तासांपलीकडे जाणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण रिफंड यांतले एक निवडता येते. रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यानचे विमान सहा तासांहून जास्त लांबले तर हॉटेल. अगदी ऐनवेळी विमान रद्द झाले आणि दोष कंपनीचा असेल, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्याला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतले जे कमी ते. धुके, वादळी पाऊस, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण यांत रोख भरपाई नाही. पर्यायी विमान किंवा रिफंड तरीही मिळतो, आणि काउंटरवर तो किती लवकर मिळतो यावरून कंपनी ओळखा. नकार आला तर तोंडी वाद घालत बसू नका. बोर्डावरच्या वेळेचा फोटो काढा, कारण लेखी मागा, आधी कंपनीकडे आणि नंतर सरकारच्या 'एअरसेवा' ॲपवर तक्रार टाका.

व्हीलचेअर ही सेवेची दुसरी मोठी कसोटी. ती ४८ तास आधी नोंदवावी. नुसते 'व्हीलचेअर पाहिजे' सांगून भागत नाही: आजोबा पायऱ्या चढू शकतात, की पायऱ्या जमत नाहीत पण आत चालता येते, की आतल्या सीटपर्यंतही उचलून न्यावे लागेल, हे स्पष्ट सांगा. तीनही गरजांचे कोड वेगळे असतात. चुकीचा कोड पडला की शिडीच्या तोंडाशी खोळंबा होतो. एटीआरला तर पायऱ्या चढाव्याच लागतात, म्हणून तिथे रॅम्प किंवा लिफ्टची सोय आहे का ते आधी विचारा.

वक्तशीरपणाचे टक्के दर महिन्याला छापून येतात. ते मोठ्या महानगरी विमानतळांवरच्या नोंदींवरून काढलेले असतात आणि १५ मिनिटांपर्यंतचा उशीर 'वेळेवर'च धरतात. नागपूरच्या तुमच्या विमानाचा अंदाज त्यावरून बांधू नका. त्याच क्रमांकाचे विमान मागचे आठ-दहा दिवस किती वाजता सुटले, ते विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर पाहा. दिवसाचे पहिले विमान शक्यतो घ्या. संध्याकाळपर्यंत आधीच्या फेऱ्यांचा उशीर साचत जातो.

आराम की सेवा: कुठे कशाला जास्त महत्त्व

दोन तासांच्या आतल्या प्रवासाला सेवेला झुकते माप द्यावे. पोरगा आखातात कामाला निघाला असेल आणि पुढे आणखी विमान बदलायचे असेल, तर गणित बदलते. तिथे सीटची रुंदी, जेवण आणि रात्रीची झोप यांना खरी किंमत येते. तरीही सगळे टप्पे एकाच पीएनआरवर असू द्या. तसे असले तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचे चुकल्यावर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडतात, पण पहिल्याला उशीर झाला की दुसरे बुडते आणि कोणीच हात देत नाही.

बॅग पट्ट्यावर आली नाही तर विमानतळाबाहेर पाऊल टाकू नका. आतल्याच काउंटरवर पीआयआर नावाचा कागद भरून घ्या, बॅगेची चिठ्ठी जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली तर लेखी तक्रारीला सात दिवस, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवस असतात. दागिने, कागदपत्रे आणि औषधे हातातल्या सात किलोंच्या पिशवीतच न्या. पॉवर बँकही तिथेच, कारण ती खालच्या बॅगेत चालत नाही. आंब्याचे तेलातले लोणचे मात्र खालच्या बॅगेत, बरणीचे झाकण चिकटपट्टीने गुंडाळून आणि दोन पिशव्यांत घालून. तेल गळून शेजाऱ्याची बॅग खराब झाली तर कंपनी हात वर करते.