सौर कृषिपंपांची पार्श्वभूमी: मागणी होती दिवसा विजेची

महाराष्ट्रात सौरऊर्जा शिवारात आली ती पर्यावरणाच्या आग्रहाने नव्हे, रात्रीच्या विजेला शेतकरी वैतागला म्हणून. शेतीपंपांची वीज आळीपाळीने मिळायची. रात्रपाळी आली की साप-विंचू आणि जुन्नरच्या बाजूला उसातला बिबट्या यांची धास्ती घेऊन बारं द्यायला, म्हणजे पिकाला पाणी पाजायला, जायचं.

तंत्र मात्र जुनंच. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने 1954 साली सिलिकॉनचा सौरघट दाखवला. पडलेल्या उजेडातली जेमतेम 6 टक्के ऊर्जा त्यातून विजेत उतरायची. 1958 साली असे घट व्हॅनगार्ड-1 या उपग्रहावर गेले; जमिनीवर ते परवडण्यासारखे नव्हतेच. तत्त्व आजही तेच आहे. प्रकाशामुळे सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, घटातलं विद्युतक्षेत्र त्यांना एका दिशेने ढकलतं आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज मिळते. गंमत म्हणजे पॅनेलला ऊन हवं, उष्णता नको. विदर्भातल्या मे महिन्यात ऊन भरपूर, पण तापलेलं पॅनेल वीज कमी देतं.

2017 साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प उभारायचा आणि त्यावर शेतीचा फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणारी वाहिनी, दिवसा चालवायचा, अशी ती कल्पना. सुरुवातीचा एक प्रकल्प राळेगणसिद्धीत झाला. 2019 मध्ये शेतीतल्या सौरऊर्जेसाठी केंद्राची कुसुम योजना आली. 2023 मध्ये राज्याच्या योजनेची दुसरी आवृत्ती निघाली. तीत जागेचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरलं.

चालू प्रकल्पाला कोळसा लागत नाही, राख निघत नाही. औष्णिक वीजकेंद्रांशेजारच्या चंद्रपूर-कोराडीच्या लोकांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पण एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते, आणि ती गायरानातून घेतली की गुरं चारणाऱ्यांची वाट अडते. ‘पडीक’ असा सरकारी शिक्का बसलेलं माळरान प्रत्यक्षात पडीक असतंच असं नाही.

विहिरीतल्या पाण्याचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. स्वतंत्र सौरपंपाला बिल नाही, भारनियमन नाही. ऊन आहे तोवर उपसा करता येतो. ठिबक असो वा मोकाट पाणी, हात आखडायला कारणच उरत नाही. फीडरवरच्या प्रकल्पाची उरलेली वीज निदान ग्रिडला, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्याला, जाते. एकट्या पंपाचं पॅनेल पाणी नको असेल तेव्हा नुसतं तापत बसतं.