ड्रोनने मोजणी-नकाशाची कामे घ्यायची आहेत? पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

शेताचा चढउतार काढणे, खाणीतून किती मुरूम उचलला ते मोजणे, शेततळ्यासाठी पाणलोटाचा नकाशा करणे, अशी कामे आता तालुक्याच्या गावीही ड्रोनवर होतात. बरेच जण मात्र आधी ड्रोन घेतात आणि मग परवान्याची चौकशी करतात. ड्रोन नियम, २०२१ वाचले तर सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलचे मान्यतापत्र, असलेलेच मॉडेल घ्या. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून त्या सर्टिफिकेटची प्रत मागून घ्या. दुबईहून पाहुण्याने आणलेला ड्रोन या कामाचा नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर, संशोधन, संरक्षण असे मोजके अपवाद सोडता, बंदी आहे. वजन कॅमेरा आणि बॅटरीसह धरतात: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. नॅनोला टाइप सर्टिफिकेट लागत नाही.

मग ड्रोनची नोंदणी. डी-२ फॉर्म, शुल्क १०० रुपये, अर्ज डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर. ओळख आणि पत्त्याचा पुरावा लागतो. ड्रोनसोबतच फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनमधला उड्डाण सांभाळणारा भाग) आणि रिमोट यांचे अनुक्रमांकही नोंदले जातात, तेव्हा खोके उघडल्यावर तिन्हींचे फोटो काढून ठेवा. मिळणारा यूआयएन (ड्रोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) या क्रमांकांना जोडलेला असतो. पुढे दुरुस्तीत फ्लाइट कंट्रोलर बदलला तर नोंदही बदलून घ्यावी लागते.

उडवणाऱ्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट हवे. वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि डीजीसीएमान्य संस्थेतले प्रशिक्षण, एवढी पात्रता आहे. पासपोर्टची अट सप्टेंबर २०२३ मध्ये गेली. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन परवाना चालतो. सर्टिफिकेट १० वर्षे टिकते. नॅनोला ते लागत नाही. मायक्रोची सूट फक्त बिगर-व्यावसायिक उड्डाणाला आहे. पैसे घेऊन नकाशा करून दिलात की ती सूट संपली. नॅनो सोडून सगळ्यांना त्रयस्थ पक्षाचा विमा बंधनकारक आहे.

कामाचा दर सांगण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागेचा झोन (हिरवा, पिवळा की लाल) बघा. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत (सुमारे १२० मीटर) वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. याचा हिशेब थेट कामावर बसतो. एक इंची सेन्सरचा २० मेगापिक्सेल कॅमेरा १२० मीटरवरून साधारण ३.३ सेंटिमीटरचा पिक्सेल देतो, म्हणजे फोटोतला एक ठिपका जमिनीवरचे तेवढे अंतर दाखवतो. ६० मीटरवर तो निम्मा होतो, नकाशा बारीक येतो, पण तेवढ्याच ओव्हरलॅपला (शेजारच्या फोटोंनी एकमेकांवर येण्याचे प्रमाण) फोटो चौपट आणि बॅटऱ्याही त्याच मानाने जास्त. पिवळ्या झोनसाठी हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर लालसाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. पुणे, नाशिककडे संरक्षण खात्याच्या जागा बऱ्याच आहेत, तिथे अंदाजाने उडवू नका. झोन हिरवा असला तरी शहरात पोलिसांचा तात्पुरता बंदी आदेश असू शकतो, म्हणून स्थानिक ठाण्यात विचारून घ्या. अपघात झाला तर ४८ तासांत ऑनलाइन कळवावे लागते.

नकाशाच्या डेटासाठी भारतीय व्यक्तीला वा कंपनीला वेगळी पूर्वपरवानगी लागत नाही; फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक सूचनांनी ती काढून टाकली. मात्र एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतातच साठवावा आणि प्रक्रिया करावा लागतो. परदेशी सर्व्हरवर फोटो चढवून नकाशा शिवून घेणाऱ्यांनी हे नीट तपासावे.

आणि शेतकऱ्याला आधीच स्पष्ट सांगा: बांधाच्या वादात तुमचा नकाशा सरकारी मोजणीची जागा घेत नाही. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली, पण ती सर्व्हे ऑफ इंडिया आणि भूमी अभिलेख विभागाने मिळून केली आणि हद्दींची चौकशी होऊनच सनद (मालकीचा सरकारी दाखला) निघते. हद्द कायम करायची असेल तर अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडेच करावा लागेल.